आरशातला उजवा हात

हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपल्याकडे म्हण आहे. जे डोळ्यांसमोर ढळढळीत दिसते त्याला निराळ्या पुराव्याची गरज नसते, असा तिचा आशय. परंतु या म्हणीच्या पोटात आणखी एक सत्य दडलेले आहे. कांकण हातात असते म्हणून ते दिसते. कानातले डूल ज्याचे त्याला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी आरसा लागतोच. चेहऱ्याचेही तसेच. मनुष्य जन्मभर हजारो चेहरे पाहतो, त्यांतले शेकडो ओळखतो, काहींवर जीव लावतो; मात्र स्वतःचा चेहरा तो जन्मापासून मरणापर्यंत एकदाही प्रत्यक्ष पाहू शकत नाही. त्याच्या वाट्याला येते ती केवळ प्रतिमा, कधी पाण्यातली, कधी धातूतली, कधी काचेतली, कधी कागदावरची. यांपैकी ज्या प्रतिमेवर आपण सर्वाधिक विसंबतो ती आरशातली प्रतिमा. आणि नेमकी तीच, आपल्या घरच्या माणसांना दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याशी जुळत नाही.

हा फरक कशामुळे पडतो, तो माणसाच्या ध्यानात केव्हा आला आणि इतरांना आपण जसे दिसतो तसे स्वतःला पाहण्यासाठी त्याने कोणते उपाय योजले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. तो थोडक्यात सांगण्याचा हा प्रयत्न.

मराठीत या वस्तूला तीन नावे आहेत. ‘दर्पण’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या पहिल्या मराठी वृत्तपत्राचे हेच नाव होते. ‘ऐना’ फारसीतून आला. आणि ‘आरसा’ हे संस्कृत ‘आदर्श’ या शब्दाचे प्राकृतातून झिजत आलेले रूप. संस्कृतात आदर्श म्हणजे आरसाच. हा एकच शब्द दोन वाटांनी आपल्याकडे पोहोचला. त्याचे झिजलेले रूप आपण भिंतीवर टांगले आणि न झिजलेले रूप थोर माणसांना लावले.

काशाचे आरसे आणि करिंथ

आरसा काचेपेक्षा फार जुना आहे. आजच्या तुर्कस्तानातील चाताल ह्यूयूक या प्राचीन वस्तीच्या उत्खननात ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेसारख्या दगडाचे, घासून गुळगुळीत केलेले आरसे मिळाले. ते सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे आहेत. पुढे धातू हाती आल्यावर मिसर देश, मेसोपोटेमिया आणि आपली सिंधू संस्कृती, सर्वत्र तांब्याचे व काशाचे आरसे होऊ लागले. केरळमधील आरन्मुळा गावी तांबे व कथील यांच्या मिश्रणाचे धातूचे आरसे घडवण्याची कला आजही जिवंत आहे.

पवित्र शास्त्रातील आरसे हे असेच धातूचे आरसे होत. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपापाशी सेवा करणाऱ्या स्त्रियांचे आरसे वितळवून हातपाय धुण्याचे पितळी गंगाळ बनवल्याचा उल्लेख आहे. काचेचे आरसे असते तर त्यांचे गंगाळ झाले नसते. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, आज आपण आरशात अंधुक पाहतो, पुढे समोरासमोर पाहू, अशा अर्थाचे जे वचन आहे, त्याचा रोखही हाच आहे. करिंथ हे नगर काशाच्या कामासाठी प्रसिद्ध होते. काशाचा आरसा वरचेवर घासावा लागे. दोन दिवस दुर्लक्ष झाले की त्यावर मळभ येई. पौलाच्या वाचकांना हे घरोघरी ठाऊक होते. आजच्या लखलखीत काचेच्या आरशापुढे उभे राहून ते वचन वाचले तर त्यातील अंधुकपणा आपल्या लक्षात येत नाही.

परंतु आरसा कितीही घासला तरी एक कोडे शिल्लक राहत होते, आणि ते ग्रीक विचारवंतांना सुटू देत नव्हते. मी उजवा हात उचलला तर आरशातला मनुष्य डावा हात उचलतो. हे का?

इ. स. पूर्व चौथ्या शतकात प्लेटोने ‘टायमीअस’ या संवादात या प्रश्नाचा विचार केला आहे. त्याचे उत्तर आजच्या विज्ञानाला मान्य होणारे नाही, कारण डोळ्यातून तेज बाहेर पडते आणि वस्तूच्या तेजाशी मिसळते असे तो मानत होता. त्याचे निरीक्षण मात्र अचूक आहे. आतल्या बाजूने चकचकीत केलेली पन्हळ आपल्यासमोर उभी धरली तर तिच्यात उजवे उजवीकडे आणि डावे डावीकडे दिसते. तीच पन्हळ आडवी धरली तर डोके खाली आणि हनुवटी वर दिसते. म्हणजे उलट न करणारा आरसा दोन हजार वर्षांहूनही आधी माणसाच्या हाती लागला होता.

रोमन कवी ल्युक्रीशियस याने इ. स. पूर्व पहिल्या शतकात याहून मार्मिक दृष्टांत दिला. चुनखडीचा ओला मुखवटा कोणी खांबावर आपटला आणि तो न फुटता, आपला आकार राखून, तसाच मागच्या बाजूस उलटा फुगला, तर त्याचा उजवा डोळा डावा होईल. आरशातही असेच घडते, असे तो म्हणतो. या दृष्टांतातील मुखवटा फिरलेला नाही. त्याचे नाक पुढे होते, ते मागच्या बाजूला निघाले, एवढेच. कोड्याचे उत्तर येथे जवळजवळ सापडले आहे.

इ. स. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने आरशांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रकाश आरशावर ज्या कोनात येतो त्याच कोनात परततो, कारण तो सर्वांत जवळचा मार्ग आहे, असे त्याने दाखवले. आणि उजवे उजवेच दाखवील असा आरसा घडवता येतो, हेही सांगितले. हा ग्रंथ मूळ ग्रीकमध्ये आज उपलब्ध नाही. तो टिकला तो एका लॅटिन भाषांतरामुळे. ते भाषांतर १२६९ साली इटलीतील व्हितेर्बो येथे, पोपच्या दरबारी असलेल्या मोर्बेकेच्या विल्यम या डोमिनिकन धर्मगुरूने केले. संत थॉमस अक्वायनस यांच्या काळातील हा थोर भाषांतरकार पुढे १२७८ साली करिंथचा महाधर्माध्यक्ष झाला. ज्या नगराला संत पौलाने आरशाचा दृष्टांत लिहून पाठवला, त्याच नगराच्या धर्मासनावर आरशाचे शास्त्र जतन करणारा मनुष्य बसावा, हा इतिहासातील एक हृद्य योगायोग होय.

आरसा नेमके काय करतो?

आता त्या कोड्याकडे वळू. आरसा डावे-उजवे बदलतो, तर वर-खाली का बदलत नाही? काचेला डावे-उजवे कसे कळते? मनुष्य आडवा झोपून आरशात पाहू लागला, तरी त्याचे डोके पायांच्या जागी जात नाही.

उत्तर असे, की आरसा डावे-उजवे बदलतच नाही. आपण उत्तरेकडे तोंड करून आरशासमोर उभे आहोत असे समजा. आपला उजवा हात पूर्वेकडे आहे. प्रतिमेचा त्याच्या समोरचा हातही पूर्वेकडेच आहे. आपले डोके वर, तिचेही वर. फरक एकाच बाबतीत पडला आहे. आपले नाक उत्तरेकडे आणि प्रतिमेचे नाक दक्षिणेकडे आहे. आरसा फक्त पुढचे मागे करतो. ल्युक्रीशियसच्या ओल्या मुखवट्याप्रमाणे तो आपल्याला आरपार उलटा फुगवतो.

मग डावे-उजवे कोठून आले? ते आपल्या सवयीतून आले. समोर तोंड करून उभा असलेला मनुष्य पाहिला की, तो आपल्यासारखाच असून अर्धा गिरका घेऊन आपल्याकडे वळला आहे, असे आपण मनात धरतो. खऱ्या माणसाच्या बाबतीत हे बरोबर असते. तो वळल्यामुळे त्याचा उजवा हात आपल्या डाव्या हातासमोर येतो. प्रतिमा मात्र वळलेली नसते. तिला वळलेला मनुष्य समजून आपण तिच्या हातांना नावे देतो, आणि मग डावे-उजवे बदलल्याचा दोष आरशाला लावतो.

याचा पुरावा सोपा आहे. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्यावर आपले नाव लिहा आणि आपल्याला वाचता येईल असे धरून आरशासमोर उभे राहा. प्लॅस्टिकवरचे नाव सरळ दिसेल आणि आरशातलेही सरळच दिसेल. कागदावर लिहिलेले नाव आरशात उलटे दिसते, कारण आरशाला दाखवण्यासाठी तो कागद आपणच आपल्या हाताने फिरवलेला असतो. रुग्णवाहिकेच्या पुढच्या बाजूला अक्षरे उलटी रंगवतात, ती याच हिशेबाने. पुढच्या गाडीच्या चालकाला आपल्या आरशात ती सुलट वाचता यावीत म्हणून.

धर्मशिक्षणाच्या वर्गात लहान मुलांना क्रुसाची खूण शिकवणाऱ्यांना हा सारा सिद्धांत पुस्तक न उघडता ठाऊक असतो. शिक्षिका मुलांकडे तोंड करून उजवा हात कपाळाला लावते आणि समोरची निम्मी मुले डावा हात उचलतात. त्यांनी चूक केलेली नसते; शिक्षिकेला त्यांनी आरसा समजलेले असते. अनुभवी शिक्षिका मग मुलांकडे पाठ करून उभी राहते, किंवा स्वतः डाव्या हाताने खूण करून दाखवते. समोरचा मनुष्य हा आपला आरसा नसतो, तो स्वतःचे डावे-उजवे घेऊन उभा असतो, हे मुलांना हळूहळू उमगते. मोठ्यांनाही ते पुष्कळदा नव्याने शिकावे लागते.

काचेचा आरसा आणि त्याची किंमत

काचेच्या मागे धातूचा थर देऊन केलेले लहान आरसे रोमन काळापासून होते. पण स्वच्छ, सपाट व मोठा आरसा ही व्हेनिसची देणगी. आगीच्या भयाने व्हेनिसच्या शासनाने १२९१ साली काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या. तेथील दाल गाल्लो बंधूंनी १५०७ साली नितळ काचेचे आरसे बनवण्याचा खास परवाना मागितला. काचेच्या पाठीवर कथील व पारा यांचा लेप, ही त्यांच्या धंद्यातील गुरुकिल्ली. व्हेनिसची ही मिरासदारी मोडण्यासाठी फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने १६६५ साली आरशांचा शाही कारखाना काढला, आणि १६८४ साली पूर्ण झालेल्या व्हर्सायच्या आरसेमहालात ३५७ आरसे झळकले.

त्या झगमगाटाच्या मागे जी माणसे होती त्यांची आठवण एका वैद्याने ठेवली. बेर्नार्दिनो रामात्झिनी याने १७०० साली मोदेना येथे निरनिराळ्या धंद्यांतील कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. मुरानोचे आरसे करणारे कारागीर पाऱ्यामुळे कंपवात आणि दमा यांनी जर्जर होतात, आणि आपणच घडवलेल्या आरशात आपली दशा नाइलाजाने, कपाळाला आठ्या घालून पाहतात, असे त्याने नोंदवले आहे. जगाला आपले मुख पाहता यावे म्हणून या माणसांनी स्वतःचे मुख बिघडवून घेतले. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिग याने काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची रीत शोधली. १८५६ साली ती व्यवहारात वापरण्याजोगी झाली आणि पुढे हळूहळू आरशाच्या धंद्यातून पारा मागे पडला.

उलट्या प्रतिमांची साक्ष

आरसा घरोघरी गेला तशी त्याची उलट प्रतिमा चित्रांत, छापण्यात आणि अखेर छायाचित्रांत शिरली. येथे हा विषय करमणुकीचा राहत नाही, कारण इतिहास चित्रांची साक्ष काढतो.

पोप दहावे लिओ यांनी १५१५ साली राफाएल याला सिस्टाइन चॅपेलच्या भिंतींवर लावायच्या विणलेल्या चित्रपडद्यांसाठी संत पेत्र व संत पौल यांच्या जीवनावरील चित्रे काढण्यास सांगितले. पडदे ब्रुसेल्सला विणायचे होते. तेथील विणकर मागच्या बाजूने विणत, त्यामुळे तयार पडद्यावर चित्र उलटे येई. राफाएलने हे जाणून आपली पूर्णाकृती चित्रे उलटी रंगवली, जेणेकरून पडद्यावर उजवे उजवीकडे येईल. त्यांतली ७ चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. लंडनमधील चित्र आणि रोममधील पडदा एकमेकांसमोर ठेवले तर आरसा आणि मनुष्य यांचे नाते दिसते.

राफाएलने जे आधी सांभाळले ते सर्वांनाच सांभाळता येत नाही, किंवा सांभाळावेसे वाटत नाही. विन्सेंट व्हॅन गॉग याने २३ डिसेंबर १८८८ रोजी आजारपणाच्या झटक्यात आपला कान कापला. पुढच्याच महिन्यात त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. ते लंडनच्या कोर्टोल्ड कलादालनात आहे. चित्रातील पट्टी उजव्या कानावर आहे. जखम डाव्या कानाला झाली होती. ते चित्र पाहणाऱ्या कोणालाही, मुद्दाम सांगितल्याखेरीज, सत्य उलट बाजूला आहे हे कळायचे नाही.

छायाचित्रण आले तेव्हा आता तरी ही उलटापालट संपेल असे वाटायला हवे होते. परंतु १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झालेली दागेर याची पहिली पद्धत म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या, आरशासारख्या चकचकीत पत्र्यावर उमटणारी प्रतिमा. आणि ती आरशातल्यासारखीच उलट येई. कोटाची बटणे विरुद्ध बाजूला, अंगठी विरुद्ध हातात, दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उलटी. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर वुलकॉट याने १८४० साली भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा वापरून सुलट प्रतिमा घेणाऱ्या कॅमेऱ्याचे पेटंट मिळवले. आरशाचा दोष दुसऱ्या आरशाने घालवला. पुढे इंग्लंडमधील टॅलबट याची पद्धत रूढ झाली, तिच्यात आधी उलट ठसा घेऊन त्यावरून सुलट प्रत काढली जाई. म्हणून आपल्या घरातले जुने फोटो सरळ आहेत.

स्वस्त लोखंडी पत्र्यावरची छायाचित्रे मात्र उलटीच येत राहिली, आणि त्यांतल्या एकाने इतिहासात मोठाच घोटाळा केला. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोतील ‘बिली द किड’ या तरुण बंदूकबाजाचे १८७९-८० च्या सुमारास असे एक छायाचित्र घेतले गेले. १८८१ साली तो मारला गेला. चित्रात पिस्तूल त्याच्या डाव्या कमरेला दिसते. त्यावरून तो डावखुरा होता ही समजूत इतकी पक्की झाली की १९५८ साली ‘द लेफ्ट हँडेड गन’ या नावाचा चित्रपटही निघाला. पण त्याच्या हातातील १८७३ च्या नमुन्याच्या विंचेस्टर बंदुकीत काडतुसे भरण्याची खिडकी उजव्या बाजूस असते. चित्रात ती डावीकडे दिसते. बंदुकीने साक्ष फिरवली. मनुष्य जाऊन कित्येक दशके लोटली होती, आणि तोवर त्याचा उजवा हात जगाने डावा करून टाकला होता. ज्याने त्याला जिवंत पाहिले अशा एखाद्या सामान्य शेजाऱ्याला विचारले असते, तर हा घोटाळा झालाच नसता.

सुलट आरसा

आरशाच्या उलट प्रतिमेला उतारा आरशातच आहे. एका परावर्तनाने जे उलटते ते दुसऱ्या परावर्तनाने पुन्हा सुलटते. फ्रेमवाल्याकडून एकाच मापाचे दोन आरसे आणावेत आणि पुस्तक अर्धे उघडावे तसे, बरोबर काटकोनात, उभे जोडावेत. त्यांच्या सांध्यासमोर उभे राहिले की आपला चेहरा सांध्याच्या दोन्ही बाजूंना मिळून एक दिसतो. उजव्या गालावरून निघालेला प्रकाश आधी एका आरशावर आणि मग दुसऱ्यावर आपटून परततो, त्यामुळे तो गाल पलीकडच्या बाजूला दिसतो. आता उजवा डोळा मिचकावला तर समोरचा नव्हे, तिरक्या बाजूचा डोळा मिचकतो. समोर खरोखरच दुसरा मनुष्य उभा असावा तसा. कोन थोडा जरी चुकला तरी चेहरा मध्येच आक्रसतो किंवा फुगतो. आणि सांधा आडवा केला तर डोके खाली येते, अगदी प्लेटोने पन्हळीविषयी म्हटले होते तसे.

असा आरसा १८८७ साली जॉन जोसेफ हूकर यांच्या नावे पेटंट म्हणून नोंदला गेला. १९९० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये, सांधा जवळजवळ दिसणार नाही असे सुलट आरसे विक्रीस आले. त्यांत मुलामा काचेच्या मागे न देता पुढच्या पृष्ठावर दिलेला असतो, त्यामुळे काचेच्या जाडीची रेघ मध्ये येत नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाचे गणिती अँड्र्यू हिक्स यांनी तर संगणकाच्या साहाय्याने असा एकसंध वक्र आरसा आखला की ज्यात सांधाच नाही.

या सुलट आरशात पहिल्यांदा पाहणारा मनुष्य बहुधा गोंधळतो. केसांचा भांग भलत्या बाजूला दिसतो. फणी केसांकडे न्यावी तर हात विरुद्ध दिशेला जातो. हसू किंचित वाकडे वाटते. कोणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. एक भुवई जरा वर असते, नाक किंचित कलते. घरच्या आरशात या वाकडेपणाची आपल्याला सवय झालेली असते, म्हणून तो दिसत नाही. तो दुसऱ्या बाजूला गेला की लगेच डोळ्यांत भरतो.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी शाखेत मीता, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी १९७७ साली यासंबंधीचा आपला प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी तरुणींची छायाचित्रे घेऊन प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या, एक सुलट आणि दुसरी आरशातल्यासारखी उलट. कोणती अधिक आवडते असे त्यांनी त्या तरुणींना आणि त्यांच्या जवळच्या माणसांना वेगवेगळे विचारले. स्वतः तरुणींचा कल उलट प्रतीकडे होता. त्यांच्या जवळच्या माणसांचा सुलट प्रतीकडे. कारण उघड आहे. जो चेहरा वारंवार पाहिला तो आवडता होतो. तरुणीने आपला आरशातला चेहरा पाहिला होता, आणि मैत्रिणीने तिला पाहिले होते.

आज हाच प्रयोग रोज घरोघर होतो. मोबाइलचा कॅमेरा स्वतःकडे वळवला की पडद्यावर बहुधा आरशातली प्रतिमा दिसते, आणि फोटो पुष्कळदा सुलट जतन होतो, मग “मी अशी दिसते?” म्हणून नाराजी होते. २०२० सालच्या टाळेबंदीत मिस्साबळी कॅमेऱ्यापुढे अर्पण होत असताना कित्येक धर्मगुरूंनी प्रथमच स्वतःला पडद्यावर पाहिले. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांना स्वतःची आरशातली छबी दिसत होती; घरी बसलेल्या भाविकांना मात्र ते नेहमीसारखे, वेदीवर दिसतात तसेच दिसत होते.

समोरासमोर

या साऱ्या इतिहासातून एक साधी गोष्ट हाती लागते. आपला चेहरा कसा आहे, या प्रश्नावर आपण स्वतः फारसे भरवशाचे साक्षीदार नाही. ज्यांना तो सुलट दिसतो ते आपल्या भोवती वावरतात. आई, जोडीदार, मुले, शेजारी, बाजारात भाजी देणारी बाई, या सर्वांनी आपला जो चेहरा पाहिला आहे तो आपण सवडीने कधीच न्याहाळलेला नाही. चेहऱ्याच्या बाबतीत हे खरे असेल तर स्वभावाच्या बाबतीत ते अधिकच खरे असणार. घरातले कोणी आपल्या बोलण्यातील एखादा वाकडेपणा दाखवते तेव्हा तो आपल्याला प्रथम खोटाच वाटतो, कारण आपल्या आरशात तो वेगळ्या बाजूला असतो आणि तेथे त्याची आपल्याला सवय झालेली असते. अशा वेळी दाखवणाऱ्याची नजर दुसऱ्या आरशाचे काम करते. आपली आणि त्याची अशा दोन नजरा काटकोनात जुळल्या तरच चित्र सुलट होते. कोन चुकला, म्हणजे सांगण्यात कडवटपणा आला किंवा ऐकण्यात अहंकार आला, की चेहरा आक्रसतो.

संत याकोबाच्या पत्रात आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या आणि आपण कसे होतो ते विसरणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. संत पौल त्याच आरशाच्या पलीकडे पाहतो. आरशातले दिसणे कितीही स्वच्छ झाले तरी त्याने त्याच्यापुढे ठेवले आहे ते समोरासमोरचे दिसणे, आणि समोरासमोर येण्यासाठी दुसरे कोणी तरी असावे लागते.

घरातले माणूस देवाघरी गेले की भिंतीवर लावायला आणि थडग्यावरच्या क्रुसाला बसवायला त्याचा एक फोटो निवडावा लागतो. चार जण बसतात, पाकिटातून जुने फोटो काढतात, आणि एकाएकी सर्वांचे एकमत होते, “हाच. हा अगदी बाबांसारखा आहे.” जिवंतपणी बाबांना तो फोटो बहुधा आवडला नसता. त्यांच्या आरशातले बाबा वेगळे होते. परंतु ज्यांच्यात ते राहिले, ज्यांच्यासाठी राबले, त्यांना ठाऊक असलेला चेहरा हाच होता, आणि त्याच चेहऱ्यासाठी ते घर प्रार्थना करते.